परदेशी निधी वस्तीपर्यंत कसा पोचतो: स्वयंसेवी संस्थेत नव्याने आलेल्यांसाठी

दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर पुण्यात कर्वे रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर मला कुणी ना कुणी भेटायला येतं. कधी समाजकार्याची पदवी नुकतीच हातात पडलेली मुलगी, कधी आयटीतली नोकरी सोडून मुळशीत काहीतरी करायचं ठरवलेला चाळिशीचा गृहस्थ. पहिला चहा संपायच्या आत प्रश्न येतोच: "परदेशी फंडिंग कसं मिळतं हो?" विचारणाऱ्याला वाटत असतं की बर्लिनला नाहीतर टोकियोला कोणीतरी चेकबुक उघडून बसलंय, आपण चांगल्या इंग्रजीत वीस पानं लिहिली की सही झालीच.

बावीस वर्षं या धंद्यात काढल्यावर (हो, धंदाच म्हणतो, "क्षेत्र" म्हटलं की लोक हिशेब विसरतात) मी एकच गोष्ट सांगतो. पैसा वरून खाली येतो आणि कागद खालून वर जातो. परदेशातल्या करदात्याचा किंवा चर्चमध्ये दानपेटीत टाकलेला एक युरो वेल्ह्याच्या वाडीवर पोचायला चार-पाच हात बदलतो. त्यातल्या प्रत्येक हाताला मागच्या हाताला पावती द्यायची असते. तुम्ही त्या साखळीतली शेवटून दुसरी कडी. तुमच्यापुढे फक्त वस्ती. म्हणून सगळ्या पावत्यांचा उगम तुमच्याकडे होतो, आणि नवी माणसं नेमकं हेच गृहीत धरत नाहीत.

पायरी १: पैसा कोणाचा, ते आधी ओळखा

"परदेशी मदत" हा शब्द एक, पण आत निरनिराळे प्रवाह आहेत. त्यातले काही तुमच्या अंगणातून जातच नाहीत.

सर्वांत मोठा प्रवाह सरकारकडून सरकारकडे जातो. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या जायका या संस्थेने जानेवारी २०१६ मध्ये भारत सरकारशी सुमारे १,९०६ कोटी येनच्या कर्जाचा करार केला. कर्ज केंद्राच्या डोक्यावर, काम महापालिकेकडे, आणि खर्च मुख्यतः मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांवर. संगमवाडीच्या पुलावरून जाताना नाक दाबणाऱ्या प्रत्येक पुणेकराचा या पैशाशी संबंध आहे, पण तुमच्या संस्थेला यात फारशी जागा नाही. बातमीत "जपानचा निधी" वाचून प्रस्ताव लिहायला बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

दुसरा प्रवाह मात्र महाराष्ट्राने चांगला अनुभवलाय. १९९०च्या दशकातला भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आठवा. जर्मन सरकारचा पैसा केएफडब्ल्यू या त्यांच्या विकास बँकेतून नाबार्ड या आपल्या ग्रामीण विकास बँकेकडे आला आणि तिथून संस्था व ग्राम पाणलोट समित्यांमार्फत गावात उतरला. या कामामागे हर्मन बाखर हे स्विस जेझुइट धर्मगुरू होते. त्यांनी क्रिस्पिनो लोबो यांच्यासोबत १९९३ मध्ये 'वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट' उभी केली. संस्था सुरू झाली नगरला, आता तिचं मुख्यालय पुण्यात आहे. नव्या माणसाने या कार्यक्रमाची रचना मुद्दाम समजून घ्यावी. गावाला थेट मोठा पैसा मिळत नसे. आधी लहान तुकड्यावर काम करून दाखवायचं, श्रमदान करायचं, चराईबंदी आणि वृक्षतोडबंदी पाळायची, समिती नेमायची आणि ती चालवून दाखवायची. मोठं काम त्यानंतर. आजही कुठलाही शहाणा देणगीदार हेच करतो: आधी छोटी रक्कम देतो आणि तुम्ही ती कशी हाताळता ते पाहतो.

तिसरा प्रवाह परदेशी स्वयंसेवी संस्थांचा. पहिल्यांदा काम सुरू करणाऱ्या मध्यम संस्थेचा संबंध बहुधा यांच्याशीच येतो. जर्मनीतल्या कॅथलिक चर्चची मिझेरिओर (१९५८) आणि प्रोटेस्टंट चर्चची ब्रेड फॉर द वर्ल्ड (१९५९) ही जुनी नावं. अशा संस्थांमागे आणखी कोणीतरी उभं असतं, त्याला आमच्यात "बॅक डोनर" म्हणतात. अनेक लहान जर्मन संस्था आपल्या प्रकल्पासाठी तिथल्या विकास मंत्रालयाकडून खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळवतात आणि उरलेले २५ टक्के स्वतः उभे करतात. म्हणजे तुम्हाला मेल करणारी ती प्रेमळ बाई एका मंत्रालयाला उत्तर देणं लागते. तिने तिसऱ्यांदा मूळ बिलाची प्रत मागितली तर चिडू नका, तिच्यामागेही कोणीतरी लागलेलं असतं.

चौथा प्रवाह वकिलातींच्या छोट्या निधीचा. जपान सरकार तळागाळातल्या प्रकल्पांसाठी एक अनुदान देतं. साधारण मर्यादा एक कोटी येन, आणि महाराष्ट्रातल्या संस्थांनी मुंबईच्या जपानी वाणिज्य दूतावासाकडे अर्ज करायचा. इमारत, यंत्रसामग्री, रुग्णवाहिका यांसाठी हा निधी चांगला. पगार आणि रोजचा खर्च यात बसत नाही, म्हणून इमारत झाल्यावर ती चालवणार कोण, हे आधी ठरलेलं हवं.

आणि एक गंमत: युनिसेफ किंवा संयुक्त राष्ट्रांच्या इतर विशेष संस्थांचा पैसा, तसंच जागतिक बँकेचा पैसा, परदेशी निधीच्या कायद्याच्या भाषेत (हा कायदा पायरी ३ मध्ये येतो) "परदेशी स्रोत" नाहीच. उलट, तुमचा सख्खा चुलतभाऊ अमेरिकेचा नागरिक झाला असेल, तर त्याने संस्थेला दिलेले पाच हजार रुपये परदेशी अंशदान, म्हणजे परदेशी देणगी, ठरतात. भारतीय पासपोर्ट अजून असेल तर ठरत नाहीत.

पायरी २: संस्थेची कुंडली जुळवा

संस्था म्हणजे काय, हे महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात ठरतं. पुण्यात त्यासाठी ढोले पाटील रस्त्याला फेऱ्या माराव्या लागतात. १८६०च्या सोसायटी कायद्याखाली नोंदणी केली तरी आपल्या राज्यात १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते, त्यामुळे बहुतेक संस्थांकडे दोन नोंदणी क्रमांक असतात. अर्जात कुठे कोणता लिहायचा ते लक्षात ठेवा.

इथे नवे लोक अडकतात ते फेरफार अर्जावर, म्हणजे रोजच्या भाषेत "चेंज रिपोर्ट"वर. विश्वस्त बदलला, कोणी राजीनामा दिला, कोणी वारलं, की ९० दिवसांत कळवायचं असतं. आमच्या एका जुन्या संस्थेत दोन विश्वस्त बदलले आणि कोणीच कळवलं नाही, कारण "सगळे आपलेच तर आहेत". सात वर्षांनी परदेशी निधीसाठी अर्ज केला तेव्हा सरकारी उताऱ्यावर एक दिवंगत विश्वस्त अजून खजिनदार होते. ते निस्तरण्यात दीड वर्ष गेलं आणि तोवर देणगीदार दुसरीकडे निघून गेला होता.

याशिवाय पॅन, आयकर खात्याची नोंदणी (संस्थेच्या आणि देणगीदाराच्या करसवलतीसाठीची; लोक अजून बारा ए आणि ऐंशी जीच म्हणतात, जरी १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले), नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवरचा क्रमांक, आणि मागच्या तीन वर्षांचे ऑडिट केलेले ताळेबंद. सीए निवडताना ट्रस्टची कामं नियमित करणारा निवडा. दुकानदाराचा जीएसटी भरणारा उत्तम सीए संस्थेच्या हिशेबात गोंधळलेला मी पाहिलाय.

पायरी ३: एफसीआरए

या पायरीवर वेळ घालवा. बाकी सगळं चुकलं तर सुधारता येतं, इथे चुकलं तर नोंदणी जाते.

विदेशी अंशदान विनियमन कायदा, म्हणजेच एफसीआरए, पहिल्यांदा १९७६ मध्ये आला, आणीबाणीच्या काळात. सध्याचा कायदा २०१० चा. २०२० च्या सप्टेंबरात त्यात मोठी दुरुस्ती झाली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य ठरवली. नोंदणीचं काम केंद्रीय गृहमंत्रालयाकडे, अर्ज पूर्ण ऑनलाइन.

नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी, आणि गेल्या तीन आर्थिक वर्षांत मुख्य कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. "मुख्य काम" म्हणजे समाजासाठी केलेला खर्च. ऑफिसचं भाडं आणि तुमचा पेट्रोलखर्च त्यात मोजून पंधरा लाख भरत नाहीत. त्यामुळे गेल्या वर्षी संस्था काढून यंदा युरो आणण्याचं स्वप्न असेल तर ते आजच खाली ठेवा. त्या तीन वर्षांत स्थानिक देणग्या आणि कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे त्यांनी समाजकार्यासाठी बाजूला काढलेला निधी, यांवर काम उभं करा. चाकण-तळेगावच्या पट्ट्यात मालकी परदेशी असलेल्या पुष्कळ कंपन्या आहेत. त्यांचा सीएसआर घ्यायला लोक घाबरतात, पण २०१६ च्या दुरुस्तीनंतर, कंपनीतली परदेशी गुंतवणूक परकीय चलन कायद्याने त्या उद्योगाला घालून दिलेल्या मर्यादेत असेल, तर भारतात नोंदलेली ती कंपनी परदेशी स्रोत ठरत नाही. कंपनीकडून तसं लेखी घ्या आणि फाइलला लावा.

तीन वर्षं झालेली नसताना देणगीदार मात्र तयार असेल, तर "पूर्वपरवानगी"चा मार्ग आहे. ठरावीक देणगीदार, ठरावीक रक्कम, ठरावीक काम, आणि देणगीदाराचं तसं लेखी पत्र. मात्र ती त्या एका व्यवहारापुरतीच असते.

नोंदणी मिळाली की दिल्लीत, संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत "एफसीआरए खातं" उघडायचं. परदेशी पैसा पहिल्यांदा तिथेच उतरायला हवा. तिथून तो तुमच्या सोयीच्या, म्हणजे कोथरूडच्या किंवा भोरच्या बँकेतल्या खात्यात वळवता येतो. पण या खात्यांमध्ये स्थानिक रुपया टाकायचा नाही. एकही नाही. आमच्याकडे एकदा नवीन लिपिकाने एका निवृत्त शिक्षकाचा अकरा हजारांचा चेक चुकून परदेशी निधीच्या खात्यात भरला. तो बाहेर काढायला बँकेची पत्रं, सीएचं स्पष्टीकरण, विश्वस्तांचा ठराव, आणि वर ऑडिट अहवालात एक परिच्छेद. त्या दिवसापासून आमच्या दोन्ही चेकबुकांना वेगवेगळ्या रंगांची कव्हरं आहेत.

२०२० च्या दुरुस्तीने आणखी दोन गोष्टी बदलल्या. एक, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्के झाली. वर्षभरात ३० लाख आले तर ऑफिस, व्यवस्थापनाचे पगार, प्रवास, असा सगळा मिळून सहा लाखांच्या वर जायचं नाही. शाळेतल्या शिक्षकांचा किंवा दवाखान्यातल्या डॉक्टरांचा पगार प्रशासकीय धरत नाहीत, पण व्यवस्थापकाचा धरतात. तेव्हा कोणाचा पगार कुठे बसतो ते सीएबरोबर बसून वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवा.

दुसरी गोष्ट जास्त खोल गेली. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेने तो दुसऱ्या संस्थेला पुढे द्यायचा नाही. आधी मोठी संस्था परदेशातून पैसा आणायची आणि जुन्नर, आंबेगाव, भोरमधल्या पाच लहान संस्थांना वाटून द्यायची. त्या लहान संस्था तिथल्याच कार्यकर्त्यांच्या, महादेव कोळी, ठाकर, कातकरी वस्त्यांमध्ये वाढलेल्या. त्यांच्याकडे दिल्लीला अर्ज करणारं माणूस नव्हतं, पण पावसात कोणत्या ओढ्याला पाणी येतं हे त्यांना पाठ होतं. तो रस्ता बंद झाला. मला हा बदल पटलेला नाही, आणि ते लपवायचं कारण नाही. पण कायदा आहे तो पाळायचा. "पाच लाखांचं प्रशिक्षणाचं बिल द्या, आम्ही पैसे देतो" अशी पळवाट कोणी सुचवली तर उठून चालू लागा.

दर वर्षी एफसी-४ हा वार्षिक अहवाल ३१ डिसेंबरच्या आत भरायचा. पैसा आला नसला तरी शून्याचा अहवाल भरावाच लागतो. नोंदणी पाच वर्षांची असते आणि नूतनीकरणासाठी मुदत संपायच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. तारीख भिंतीवर लावा. कॅलेंडरमध्ये लपलेली तारीख कोणी बघत नाही.

पायरी ४: देणगीदार शोधणं

यावर फार लिहिण्यासारखं नाही. प्रत्येक परदेशी संस्थेच्या संकेतस्थळावर ती कोणत्या देशात, कोणत्या विषयावर, किती रकमेपर्यंत काम करते ते दिलेलं असतं. ते वाचा, आणि तुमचा विषय तिथे नसेल तर पुढे जा. शंभर जणांना एकच मेल पाठवणं म्हणजे लग्नाची पत्रिका पूर्ण सोसायटीला वाटण्यासारखं, येतं कोणीच नाही. आधी त्या देणगीदाराबरोबर काम केलेल्या दुसऱ्या संस्थेच्या माणसाने ओळख करून दिली तर दार लवकर उघडतं. पुण्यात अशी माणसं कमी नाहीत. १९६७ मध्ये उरुळी कांचनला सुरू झालेली बाएफ ही ग्रामीण विकास संस्था आता वारज्याला आहे, कर्वे समाजसेवा संस्थेचे माजी विद्यार्थी प्रत्येक दुसऱ्या संस्थेत सापडतात. कार्यशाळेत त्यांच्या शेजारी बसा आणि जेवणाच्या सुट्टीत बोला.

पायरी ५: आधी वाडी, मग लॉगफ्रेम

समजा पत्र आलं: "दोन पानांची कॉन्सेप्ट नोट पाठवा," म्हणजे प्रकल्पाच्या कल्पनेचं टिपण. इथेच मोह होतो. देणगीदाराच्या संकेतस्थळावर "हवामान बदल" दिसला की आपल्या पाण्याच्या टाकीच्या कामाला हवामान बदलाचा मुलामा द्यावासा वाटतो. थोडा मुलामा सगळेच देतात, मीही दिलाय. पण वाडीवरच्या लोकांना टाकी हवी असताना तुम्ही त्यांना कार्बनवरचं प्रशिक्षण देणार असाल, तर दुसऱ्या वर्षी बैठकीला फक्त तुमचे कार्यकर्ते असतील.

म्हणून नोट लिहायच्या आधी गावात दोन-तीन बैठका घ्या, आणि त्यांतली एक ग्रामसभा असू द्या. ठराव लेखी घ्या, ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (पूर्वीच्या ग्रामसेवकाच्या) सही-शिक्क्यासह. शहरी वस्तीत, म्हणजे जनता वसाहतीत किंवा येरवड्यात काम असेल, तर ग्रामसभा नाही, पण बचत गटांचं आणि मंडळांचं पत्र असतं, आणि जागा महापालिकेची असेल तर तिची परवानगी लागते. ही परवानगी प्रस्तावाआधी मागायला लागा. ती किती दिवसांत मिळेल हे पुण्यात कोणी सांगू शकत नाही.

मग लॉगफ्रेम, म्हणजे प्रकल्पाची आखणी मांडायचं कोष्टक. ते १९६९ मध्ये यूएसएड या अमेरिकेच्या परकीय मदत संस्थेसाठी तयार झालं, आणि तेव्हापासून निम्म्या जगाने त्याला शिव्या घालत ते वापरलंय. उभ्या बाजूला चार ओळी: दूरचं ध्येय, या प्रकल्पाचं उद्दिष्ट, आपण देणार त्या गोष्टी, आणि रोजची कामं. आडव्या बाजूला: हे कशावरून मोजणार, पुरावा कुठे मिळणार, आणि कोणत्या गोष्टी आपल्या हातात नाहीत. शेवटचा रकाना नवे लोक "राजकीय स्थिरता" लिहून मोकळे करतात. तिथे खरं लिहा: "उन्हाळ्यात टँकर सुरू झाला तर लोक टाकीच्या कामाला येणार नाहीत." वाचणाऱ्याला त्यावरून कळतं की हा माणूस गावात जाऊन आलाय.

मोजमापाचा आकडा असा निवडा जो तुम्ही खरंच मोजू शकता. "महिलांचं सक्षमीकरण" कोणत्या फुटपट्टीने मोजणार? "पाण्यासाठी रोज लागणारा वेळ" घड्याळाने मोजता येतो. काम सुरू व्हायच्या आधीचं मोजमाप, ज्याला बेसलाइन म्हणतात, पहिल्याच महिन्यात करा. ते राहिलं तर तीन वर्षांनी पाणी जवळ आल्याचं तुम्हाला माहीत असेल, पण सिद्ध करता येणार नाही.

वेळापत्रक भरताना पंचांग आणि पाऊस समोर ठेवा. आमच्या पहिल्या मोठ्या प्रस्तावात मी वेल्ह्यातल्या महिलांच्या बैठका जुलैत लिहिल्या होत्या. जुलैत तिथे भातलावणी असते. बाया गुडघाभर चिखलात, आणि आमची कार्यकर्ती बांधावर छत्री धरून रजिस्टर घेऊन उभी. एका आजींनी तिला हाक मारली, "पोरी, वही ठेव खाली आणि एक मूठ रोपं घे." तिने घेतली. त्या दिवशी रजिस्टर कोरं राहिलं, पण पुढच्या बैठकीला त्या सगळ्या आल्या. शिवाय चैत्रातल्या जत्रा, दिवाळी आणि निवडणुकीची आचारसंहिता, यांतलं काहीही युरोपातल्या माणसाच्या कॅलेंडरवर नसतं. तुम्हीच सांगायचं.

पायरी ६: बजेट

प्रस्ताव आवडतो तो शब्दांमुळे, मंजूर होतो तो बजेटमुळे. प्रत्येक ओळीमागे हिशेब हवा: किती नग, काय दर, किती महिने. "प्रवास: दोन लाख" असं लिहू नका. "दोन कार्यकर्ते, महिन्याला बारा फेऱ्या, पुणे ते वाडी आणि परत, इतके किलोमीटर, इतका दर" असं लिहा. मग ऑडिटर तुम्हाला छळणार नाही, निदान कमी छळेल.

युरोत करार असेल तर विनिमय दर तुमच्या पोटावर बसतो. ४०,००० युरो मंजूर झाले आणि दर ९० रुपये धरून तुम्ही ३६ लाखांचं नियोजन केलं. हप्ता यायच्या वेळी दर ८५ झाला तर हातात ३४ लाख. दोन लाख कोणाच्या पगारातून कापणार? म्हणून बजेट थोड्या कमी दराने मांडा, आणि दर वधारून जास्त रुपये आले तर त्यांचं काय करायचं ते करारात लिहून घ्या. शक्यतो ते मनाने खर्च करू नका, विचारा.

दर वर्षीची पगारवाढ, ऑडिटची फी, लॅपटॉपची दुरुस्ती, भविष्य निर्वाह निधी, या चार गोष्टी पहिल्या बजेटात हमखास राहतात. आणि लोकवाटा, म्हणजे गावाने स्वतः उचलायचा हिस्सा, रोखीतच असला पाहिजे असं नाही. श्रमदानाची मजुरी बाजारभावाने धरता येते, मात्र त्याचं मस्टर, म्हणजे हजेरीपट, हवं.

पायरी ७: करार

सही करायच्या आधी करार अख्खा वाचा. एका बजेट ओळीतला पैसा दुसरीकडे वळवायचा तर परवानगी कितीच्या वर लागते? अनेक ठिकाणी दहा टक्के असतं, पण तुमच्या करारात काय आहे ते पाहा. हप्ते कशावर अवलंबून आहेत? खरेदीला तीन कोटेशन्स कोणत्या रकमेपासून लागतात? तक्रार निवारण समिती आणि बालसंरक्षण धोरण आता जवळपास सगळेच मागतात. लैंगिक छळ प्रतिबंधाचा २०१३ चा कायदा तर तुम्हाला परदेशी पैसा असो-नसो लागूच आहे, दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर समिती नेमायलाच हवी. दुसऱ्या संस्थेचं धोरण कॉपी करून नाव बदलू नका. एका संस्थेच्या धोरणात दुसऱ्याच शहरातलं पोलीस ठाणं छापलेलं मी पाहिलंय.

पायरी ८: कागद वर पाठवणं

पहिला हप्ता आला की पेढे वाटा आणि त्याच संध्याकाळी फाइली लावा. प्रत्येक खर्चाला व्हाउचर, त्यामागे मूळ बिल, त्यावर प्रकल्पाचं नाव आणि बजेट ओळ, मंजुरीची सही. पाच हजारांचं बिल दोन प्रकल्पांवर टाकणं हा या क्षेत्रातला अक्षम्य गुन्हा. मूळ बिलावर "अमुक प्रकल्पात खर्ची" असा शिक्का मारला की चुकूनही ते दुसरीकडे जात नाही.

सगळ्यांत नाजूक कागद म्हणजे हजेरीपत्रक. भोर तालुक्यातल्या एका वस्तीत आमच्या कार्यकर्त्याने पाणी समितीच्या बैठका अगदी नेमाने घेतल्या. जर्मनीहून आलेल्या पाहुण्यांनी रजिस्टर उघडलं तर बावीस सह्या, एकाच निळ्या पेनाच्या, एकाच वळणाच्या. कार्यकर्ता पांढराफटक. खरी गोष्ट साधी होती. निम्म्या बायकांना सही येत नव्हती, स्टॅम्पपॅड वाळलेलं होतं, म्हणून त्याने "मदत" केली होती. पाहुण्यांनी ऐकून घेतलं, पण पुढचा हप्ता चार महिने अडकला. आता प्रत्येक फील्ड बॅगेत एक स्टॅम्पपॅड आणि शाईची बाटली असते.

अहवालात अपयश लिहायला घाबरू नका. टाकीच्या पायाला खडक लागला, ठेकेदार पळाला, हे लिहा, आणि पुढे काय केलं तेही लिहा. सहा महिने सगळं छान चाललंय म्हणणाऱ्या संस्थेचा संशय जास्त येतो. अडचण दिसली त्याच दिवशी मेल करा. देणगीदाराला गोष्ट अहवालातून नव्हे, तुमच्याकडून आधी कळली पाहिजे.

पायरी ९: पैसा थांबेल, तो दिवस

ब्रिटनने २०१२ मध्ये जाहीर केलं की भारताला अनुदान देणं २०१५ पर्यंत थांबवणार, निदान तीन वर्षं तरी मिळाली. २० जानेवारी २०२५ ला अमेरिकेच्या नव्या राष्ट्राध्यक्षांनी परकीय मदत ९० दिवसांसाठी गोठवली, आणि १ जुलैला यूएसएड ही १९६१ पासूनची संस्थाच बंद झाली. त्या निधीवर चालणारी, पारलिंगी व्यक्तींसाठीची 'मित्र' क्लिनिकं हैदराबाद, कल्याण आणि आपल्या पुण्यात बंद पडली. तिथल्या कोणाचा हिशेब चुकला नव्हता, कामही चांगलं होतं.

म्हणून एका देणगीदारावर संस्थेचं निम्म्याहून जास्त बजेट टेकू देऊ नका. निदान तीन-चार महिन्यांच्या पगाराइतका स्थानिक निधी बाजूला ठेवा, आणि तो कोथरूड-कर्वेनगरच्या माणसांकडून हजार-दोन हजारांच्या देणग्यांतून जमवा. वेळ लागतो, पण तो पैसा वॉशिंग्टनमधल्या सहीने गोठत नाही.

आणि प्रकल्प नीट संपला तरी एक प्रश्न उरतोच: वस्तू कोणाच्या? टाकी ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित करायची तर तसा ठराव हवा, आणि दुरुस्तीची पाणीपट्टी समितीने गोळा करायला प्रकल्प चालू असतानाच सुरुवात केलेली हवी. लॅपटॉप, कॅमेरा, मोटारसायकल यांची यादी मालमत्ता रजिस्टरात. आमच्या एका प्रकल्पाची मोटारसायकल दोन वर्षं शेडमध्ये धूळ खात उभी होती. देणगीदार म्हणे परवानगीशिवाय विकू नका, परवानगी देणारा अधिकारी नोकरी सोडून गेलेला, आणि आरटीओत नाव प्रकल्पाच्या जुन्या समन्वयकाचं. शेवटी टायर उंदरांनी खाल्ले. मोटारसायकल कोणाच्या नावावर घ्यायची आणि शेवटी कोणाला द्यायची, ते पायरी ७ मधल्या करारातच लिहून घ्या.